बुडापेस्टचे पूल : क्रूझवरून बघायचे की पायी?

एप्रिल-मे जवळ आला की व्हिएन्ना-प्राग-बुडापेस्ट अशी तिहेरी टूर ठरवणाऱ्यांची पत्रं सुरू होतात, आणि यावेळी का कोण जाणे बहुतेक सगळे बुडापेस्टच्या पुलांवरच आलेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत. काही उत्तरं लांबली आहेत, सांभाळून घ्या.

प्रश्न : आम्ही दोन कुटुंबं मिळून सहा जण आहोत, बुडापेस्टला जेमतेम दीड दिवस मिळतोय. टूरवाले म्हणतात रात्रीच्या क्रूझमध्ये सगळे पूल होऊन जातात, वेगळा वेळ काढू नका. खरं आहे का? (पुणे)

उत्तर : "होऊन जातात" हे अगदी बरोबर आहे, होतात आणि जातात. क्रूझ घ्याच, रात्री संसद आणि राजवाडा उजळलेला असतो तेव्हा डॅन्यूबच्या मध्यातून बघायला मस्तच वाटतं, पण बोटीतून पुलाचं फक्त पोट दिसतं आणि तेही मिनिटभर, तोवर कोणीतरी सेल्फीसाठी आडवं येतं. पुलावर उभं राहून बुडाचे डोंगर एका हाताला आणि पेश्तचं सपाट शहर दुसऱ्या हाताला ठेवून मध्यावर थांबलं की मग कळतं की ही दोन वेगळी गावं होती (बुडा आणि पेश्त, शिवाय बुडाच्या उत्तरेचं ओबुडा, एक झाले 1873 मध्ये) आणि त्यांना एकत्र आणण्यात या पुलांचा वाटा केवढा मोठा आहे ते.

तुमच्यासाठी चार पूल पुरे आहेत. उत्तरेकडून दक्षिणेकडे मार्गारेट, चेन ब्रिज, एलिझाबेथ आणि लिबर्टी. तिकडच्या बोर्डांवर अनुक्रमे मॉर्गित, सेचेनी, एर्झेबेत आणि सबॉदशाग असं दिसेल आणि पुढे हीद, म्हणजे पूल. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत नदीकाठाने साधारण चार किलोमीटर, आणि सगळं चालायचीही गरज नाही कारण ट्राम आहे.

असं करा. दुपारी तीन-चारच्या सुमारास 4 किंवा 6 नंबरच्या ट्रामने मार्गारेट पुलावर जा, पुलाच्या बरोबर मध्यावर स्टॉप आहे तिथे उतरा. तिथून संसदेची इमारत आणि मागे सगळी नदी असा जो देखावा दिसतो तो फुकट आहे आणि माझ्या मते शहरातला सर्वात चांगला आहे. मग पेश्तच्या टोकाला चालत या आणि 2 नंबरची ट्राम पकडा, ही ट्राम नदीच्या काठाकाठाने जाते, खिडकी नदीच्या बाजूची धरा. चेन ब्रिजजवळ उतरून तो पूल मात्र पायी पार करा, घाई न करता. पलीकडे बुडात उतरलात की 19 किंवा 41 नंबरची ट्राम दक्षिणेकडे नेते, वाटेत एलिझाबेथ पूल वरून जातो तो बघून घ्या, आणि गेलेर्त चौकात उतरून सूर्य मावळायच्या आत लिबर्टी पुलावर या. पलीकडच्या टोकाला मोठी मार्केट बिल्डिंग आहे, 1897 ची, आत वरच्या मजल्यावर लांगोश मिळतो. लांगोश म्हणजे भटुऱ्याचा जाडजूड हंगेरियन भाऊ, वर लसूण, आंबट क्रीम आणि चीज. शाकाहारी लोकांची तिथे सोय होते, फक्त मार्केट संध्याकाळी लवकर आवरतं आणि रविवारी बहुतेक बंद असतं, त्यामुळे लांगोश हवा असेल तर हाच क्रम उलटा करून सकाळी इथूनच सुरुवात करा.

प्रश्न : इंटरनेटवर वाचलं की दुसऱ्या महायुद्धात बुडापेस्टचे सगळे पूल उडवून दिले होते. म्हणजे आता आहेत ते सगळे नंतर बांधलेले. मग ऐतिहासिक म्हणून बघायचं काय त्यात? (मुलुंड)

उत्तर : प्रश्न तिरकस आहे पण मला आवडला, कारण याच्या उत्तरातच बुडापेस्ट आहे.

हो, सगळे उडवले. पहिला गेला मार्गारेट पूल, 4 नोव्हेंबर 1944 ला, आणि तो तर अजून उडवायचाही नव्हता. जर्मन सैनिक सुरुंग लावून ठेवत होते आणि भर दिवसा, पुलावर ट्राम आणि माणसं असताना स्फोट झाला. शेकडो लोक गेले. मग शहराला सोव्हिएत फौजांचा वेढा पडला आणि जानेवारी 1945 मध्ये पेश्त सोडून बुडाकडे माघार घेताना जर्मनांनी राहिलेले पूल एकामागून एक नदीत पाडले, 18 जानेवारीला चेन ब्रिज आणि एलिझाबेथ दोन्ही. म्हणजे बघा, जवळपास शंभर वर्षांत पहिल्यांदाच बुडा आणि पेश्तमध्ये एकही पूल नाही.

आता पुढचं बघा, कारण प्रत्येक पुलाच्या बाबतीत शहराने वेगळा निर्णय घेतलाय. लिबर्टी पुलाचा मधला भागच पडला होता म्हणून तो सर्वात आधी उभा राहिला, 20 ऑगस्ट 1946 ला, जुन्या रूपातच, फक्त नाव बदललं. आधी तो सम्राट फ्रान्झ जोसेफचा पूल होता, 1896 मध्ये सम्राटाने स्वतः शेवटचा चांदीचा रिव्हेट ठोकून उद्घाटन केलेला, आता तो स्वातंत्र्याचा पूल झाला. चेन ब्रिज मात्र लोकांच्या इतका जिव्हाळ्याचा की मूळ उद्घाटन झालं होतं 20 नोव्हेंबर 1849 ला आणि पुन्हा उघडला तो बरोबर शंभर वर्षांनी, 20 नोव्हेंबर 1949 ला. देशात खायची मारामार, अर्धं शहर ढिगाऱ्यात, आणि यांनी तारीख गाठली.

एलिझाबेथ पुलाची गोष्ट उलटी. मूळचा 1903 चा, दोन्ही काठांच्या मध्ये नदीत एकही खांब नाही, 290 मीटरचा एकच गाळा, तेव्हा साखळीपुलांमध्ये जगात सर्वात मोठा, आणि दिसायला अतिशय नटवा. पण तो परत बांधलाच नाही. कित्येक वर्षं पडलेला राहिला आणि मग पाल शावोय नावाच्या इंजिनिअरने त्याच जागी, तेवढ्याच गाळ्याचा, पण पूर्ण नव्या डिझाइनचा केबलचा पांढरा पूल काढला, तो 1964 मध्ये उघडला. जुन्या पिढीतले लोक जुन्या पुलासाठी हळहळत राहिले असं वाचायला मिळतं, पण मला विचाराल तर रात्री दिवे लागल्यावर चारांत तोच सर्वात देखणा दिसतो, एकही जास्तीची रेघ नाही त्याच्यात.

आणि एक पूल असाही होता जो आता नाहीच. युद्धानंतर घाईघाईने संसदेजवळ एक कामचलाऊ पूल टाकला होता, कोशूत पूल, जानेवारी 1946 मध्ये सुरू झाला, पुढची बरीच वर्षं त्याने शहर जोडून ठेवलं आणि 1960 मध्ये तो काढून टाकला. त्याचं आता काठावर एक स्मारकाचा दगड एवढंच उरलंय, टूरवाले तर नावही घेत नाहीत.

तर ऐतिहासिक काय, तर हे. जुना दगड आणि जुनं लोखंडच हवं असेल तर तेही चेन ब्रिजवर काही प्रमाणात आहे, पण तेवढ्यासाठी जाऊ नका.

प्रश्न : सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चेन ब्रिजमध्ये चेन कुठे असते? फोटोत तर साखळी दिसत नाही. आणि मार्गारेट पूल मध्येच वाकडा का आहे? (सांगली)

उत्तर : साखळी म्हणजे कड्यांची नाही. लोखंडाच्या लांब सपाट पट्ट्या, दोन्ही टोकांना भोक, अशा अनेक पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यातून पिना घालून पुढच्या जुडग्याला जोडायच्या, अशी ती साखळी. तुम्ही पुस्तकात आयबार म्हणून वाचलं असेल ते हेच. ती दोन दगडी कमानींच्या माथ्यावरून जाते आणि दोन्ही काठांवर जमिनीखालच्या खोल्यांमध्ये नेऊन घट्ट अडकवलेली आहे, सगळा ताण तिथे. मधला गाळा 202 मीटर. डिझाइन विल्यम टायर्नी क्लार्क या इंग्रज इंजिनिअरचं, आणि साइटवर उभं राहून पूल बांधून घेतला तो अ‍ॅडम क्लार्क, हा स्कॉटिश, आडनाव एक पण नातं काही नाही. टायर्नी क्लार्कने याच्या आधी थेम्सवर मार्लो गावात असाच एक छोटा पूल बांधला होता, इंग्लंडमध्ये कोणी असेल तर जाऊन बघा, बुडापेस्टच्या पुलाचं बाळरूप वाटेल.

या जमिनीखालच्या खोल्यांचा एक किस्सा आहे. 1849 मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध हंगेरीचा उठाव चालू होता, पूल पुरता तयारही नव्हता आणि दोन्ही बाजूंच्या सैन्याला तो आपापल्या सोयीने मोडायचा होता. अ‍ॅडम क्लार्कने पंप मोडून या खोल्यांत पाणी भरू दिलं म्हणजे साखळ्यांना कोणी हात लावू नये. ऑस्ट्रियाच्या एका कर्नलने तरी सुरुंग पेटवला, त्यात तो स्वतः गेला, पूल राहिला. नंतर या अ‍ॅडमने पुलाच्या समोरच्या टेकडीतून बोगदाही काढला, तो लांबीला जवळपास पुलाएवढाच आहे आणि बुडापेस्टवाले म्हणतात की पाऊस आला की पूल भिजू नये म्हणून आत ढकलून ठेवतात. चौकालाही त्याचंच नाव आहे, आणि देशातले रस्ते मोजायचा शून्य किलोमीटरचा दगड तिथेच.

आता वाकडा पूल. मार्गारेट बेटाच्या दक्षिण टोकाला नदीचे दोन फाटे पुन्हा एकत्र येतात आणि दोघांचा प्रवाह वेगवेगळ्या दिशेने येतो. पूल सरळ टाकला असता तर निम्मे खांब तरी प्रवाहाला तिरके पडले असते, म्हणजे पाण्याचा आणि हिवाळ्यातल्या बर्फाचा मार जास्त आणि बोटींनाही अडचण. म्हणून फ्रेंच इंजिनिअर एर्नेस्त गुएँने पुलाचा प्रत्येक अर्धा भाग आपापल्या फाट्याला काटकोनात ठेवला आणि मध्ये कोन केला. 1872 ते 76 मध्ये बांधला. बेटावर उतरणारा तिसरा फाटा नंतरचा, 1900 चा.

लिबर्टी पूल मुद्दाम नीट बघ, फसवा आहे. लांबून साखळीपुलासारखी रेघ दिसते पण तो आहे कँटिलिव्हर, दोन्ही खांबांवर तोललेल्या भुजा आणि त्यांच्या टोकांवर मध्ये टेकवलेला तुकडा. यानोश फेकेतेहाझीचं डिझाइन. मोठ्या भावासारखं, म्हणजे चेन ब्रिजसारखं दिसावं म्हणून बाह्यरेषा तशी ठेवली. म्हणजे तुला एका दुपारी आयबारची साखळी, केबल, कँटिलिव्हर आणि कमानी असे चार प्रकार बघायला मिळतात, कॉलेजला असाइनमेंट म्हणून दाखव हवं तर.

प्रश्न : चेन ब्रिजच्या सिंहांना जीभ नाही आणि म्हणून शिल्पकाराने नदीत उडी मारली असं गाइडने सांगितलं. (नाशिक)

उत्तर : गाइडला सांगू द्या, त्याचं पोट आहे त्याच्यावर. सिंह 1852 मध्ये बसवले, शिल्पकार यानोश मार्शाल्को, आणि तो 1877 पर्यंत व्यवस्थित जगला. जीभ आहे. सिंह उंचावर बसलेत त्यामुळे खालून दिसत नाही, एवढंच.

या पुलाची खरी चटका लावणारी गोष्ट गाइड सांगत नाहीत. काउंट इश्तवान सेचेनीने हा पूल व्हावा म्हणून जिवाचं रान केलं. 1820 मध्ये वडील वारले तेव्हा डॅन्यूबवर बर्फ असल्यामुळे त्याला कित्येक दिवस नदीच ओलांडता आली नव्हती, कारण तेव्हा होता तो होड्यांवरचा पूल, तो हिवाळ्यात काढून ठेवत. पुढे त्याने लोक जमवले, कायदा करून घेतला, आणि त्या कायद्यात असं आलं की पुलाचा टोल सरदार-उमराव सगळ्यांनी भरायचा, जे तोवर कुठलाच कर भरत नसत. हंगेरीत हे भलतंच धाडस होतं. 1848 मध्ये साखळीचा शेवटचा भाग वर चढवताना तो तुटून पडला, बघायला आलेली माणसं नदीत पडली त्यात सेचेनीसुद्धा होता, पोहून काठाला आला. पण त्याच वर्षी त्याचं मानसिक संतुलन बिघडलं आणि तो व्हिएन्नाजवळच्या डब्लिंगच्या इस्पितळात गेला तो 1860 मध्ये मरेपर्यंत तिथेच. स्वतःचा पूर्ण झालेला पूल त्याने कधी ओलांडलाच नाही. नाव मात्र त्याचंच आहे पुलाला.

प्रश्न : आई-बाबा सोबत आहेत, दोघंही सत्तरीचे, बाबांच्या गुडघ्याचा प्रॉब्लेम आहे. त्यांना कितपत जमेल? आणि तिथे ज्येष्ठांना ट्राम फुकट आहे असं ऐकलं. (ठाणे)

उत्तर : फुकट आहे पण युरोपियन युनियनच्या 65 वरच्या नागरिकांना, आपल्या पासपोर्टवर नाही, तेव्हा तिकीट काढाच. दिवसाचा किंवा तीन दिवसांचा पास घ्या म्हणजे सुटं तिकीट दरवेळी पंच करायचं लफडं नाही, तिकडचे तपासनीस "माहीत नव्हतं" ऐकून घेत नाहीत.

बाबांसाठी 2 नंबरची ट्राम आणि मार्गारेट पुलावरचा मधला स्टॉप, एवढं केलंत तरी भरपूर. चेन ब्रिजला चढ अगदी किंचित आहे, फूटपाथ दोन्ही बाजूंना, आणि 2023 मध्ये दुरुस्ती पूर्ण झाल्यापासून खाजगी गाड्यांना तिथे बंदी आहे, फक्त बस, टॅक्सी आणि दुचाक्या, त्यामुळे पूर्वीपेक्षा खूप शांत झालाय. लिबर्टी पुलाच्या दोन्ही टोकांना मेट्रोची स्टेशनं आहेत, 4 नंबरची लाइन, लिफ्ट शोधा कारण तिकडचे सरकते जिने लांब आणि वेगात असतात, आईंनी साडी नेसली असेल तर जास्तच जपून.

आई-बाबांना चित्रांची आवड असेल तर अजून एक. चेन ब्रिजच्या बुडाकडच्या टोकापासून नदीकाठाने उत्तरेला दहा-पंधरा मिनिटांवर सिलाजी देझो चौक आहे. तिथल्या 4 नंबरच्या घरात 30 जानेवारी 1913 ला अमृता शेरगिलचा जन्म झाला. आई हंगेरियन, वडील पंजाबी. हीच अमृता, जिच्या तीन मुलींच्या चित्राला 1937 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. डॅन्यूब अगदी समोर आहे तिथे.

प्रश्न : रीलमध्ये लोक हिरव्या पुलाच्या लोखंडावर चढून बसलेले दिसतात. चालतं का तसं? आणि फोटोसाठी कुठली वेळ? (हैदराबाद)

उत्तर : तो लिबर्टी पूल. बाजूच्या रुंद गर्डरवर संध्याकाळी पोरं बसतात, गप्पा, गिटार, बिअर, हे नेहमीचं आहे. 2016 च्या उन्हाळ्यात ट्रामच्या कामासाठी पूल गाड्यांना बंद होता तेव्हा तर लोकांनी सतरंज्या टाकून तिथे मुक्कामच ठोकला होता, तेव्हापासून हा प्रकार आणखी प्रसिद्ध झाला. पण वर, मनोऱ्याकडे चढत जाणं हे वेगळं आणि ते करू नका, घसरडं असतं आणि खाली नदी आहे. मनोऱ्यांच्या टोकावर सोनेरी गोळ्यावर बसलेले पक्षी आहेत ते तुरुल, हंगेरियन दंतकथेतला ससाणा, त्यांना झूमने टिपा.

वेळ म्हणाल तर सूर्य बुडाच्या डोंगरामागे मावळतो म्हणून संध्याकाळी बुडाच्या काठावर उभं राहून संसदेचा फोटो काढा, ऊन थेट तिच्यावर असतं. एलिझाबेथ पूल समोरून हवा असेल तर गेलेर्त टेकडीवर संतांच्या पुतळ्यापर्यंत चढा, पूल सरळ तुमच्याकडे येताना दिसतो. दिव्यांचे फोटो दिवे लागल्या लागल्या, आकाश निळं असतानाच घ्या, मध्यरात्रीपर्यंत थांबू नका, दिवे मालवलेले असायचे.

प्रश्न : आम्ही श्टुटगार्टला असतो, ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन गाडीने जातोय. मुलांना पुलांमध्ये इंटरेस्ट वाटेल असं काही? (जर्मनी)

उत्तर : ऑगस्टमध्ये जाताय तर आधी कॅलेंडर बघा. 20 ऑगस्ट हा त्यांचा मोठा राष्ट्रीय सण, रात्री नदीवर आतषबाजी, दोन्ही काठांवर तुडुंब गर्दी आणि पूल गाड्यांना बंद. मुलांना मजा येईल पण त्या दिवशी गाडी शहरात आणायची नाही.

आणि मुलांना मेजेरी पुलाची गोष्ट सांगा. शहराच्या उत्तरेला रिंगरोडवर 2008 मध्ये उघडलेला मोठा केबलचा पूल आहे. 2006 मध्ये सरकारने हौसेने इंटरनेटवर नाव सुचवायला सांगितलं, तर आधी चक नॉरिस आघाडीवर आणि मग अमेरिकन टीव्हीवरचा विनोदवीर स्टीफन कोल्बेअर, त्याला तब्बल 1 कोटी 70 लाख मतं पडली. हंगेरीची लोकसंख्याच एक कोटी! शेवटी हंगेरीच्या राजदूतांनी त्याच्याच कार्यक्रमात जाऊन नियम सांगितले की नाव मिळायला हंगेरियन उत्तम यायला हवं आणि माणूस हयात नसावा. मग पुलाला दोन्ही काठांवरच्या वस्त्यांवरून साधं मेजेरी नाव मिळालं. पायी बघायला मुद्दाम जाऊ नका, शहराला उत्तरेकडून वळसा घालून जायचं असेल तर गाडी तिथूनच जाईल. आणि हायवेसाठी व्हिन्येत, म्हणजे टोलचा पास, आधीच ऑनलाइन काढून ठेवा.